ड्रॅगन बोट वल्हवलेलं कुणी आहे का इथे? (हाँगकाँग, स्टॅन्लेचा किनारा)

समुद्रफेस (धागालेखिका)

नमस्कार मंडळी. परवा मी आयुष्यातल्या पहिल्या ड्रॅगन बोट शर्यतीत उतरले. तळहात सोलवटलेत, खांदे अजून भरून आहेत, पण हे सगळं सविस्तर लिहिल्याशिवाय चैन पडत नाहीये. इथे शोधलं तर या विषयावर एकही धागा सापडला नाही, म्हणून हा काढते आहे.

मी मूळची पुण्याची. तिकडे असताना नऊ वर्षं ढोल पथकात होते. हाँगकाँगला येऊन चार वर्षं झाली. फेब्रुवारीत ऑफिसच्या फलकावर कागद लागला होता: शर्यतीसाठी माणसं हवीत, अनुभवाची अट नाही, पोहता आलं पाहिजे. मी त्याच दिवशी नाव दिलं.

स्टॅन्ले हे हाँगकाँग बेटाच्या दक्षिणेला. सेंट्रलहून ६ नंबरची दुमजली बस डोंगर चढून जाते. वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसलं की झाडांच्या फांद्या काचेवर सपासप लागतात, मग एका वळणावर एकदम खाली समुद्र दिसतो. बाजारपेठेच्या एका अंगाला मुख्य किनारा, तिथेच शर्यती होतात. चिनी पंचांगातल्या पाचव्या महिन्याचा पाचवा दिवस हा ड्रॅगन बोट सणाचा दिवस, कँटोनीजमध्ये तुएन ङ. त्यांचा महिना अमावास्येच्या दिवशी सुरू होतो, त्यामुळे आपल्याकडे तेव्हा शुद्ध चतुर्थी-पंचमीच्या आसपासची तिथी असते, बहुतेक वर्षी ज्येष्ठातली. इंग्रजी तारीख दरवर्षी हलते. २०२३ मध्ये २२ जून होती, २०२४ मध्ये १० जून, २०२५ मध्ये ३१ मे. सार्वजनिक सुट्टी असते आणि अख्खं गाव पाण्याकडे धावतं.

मोठ्या होडीत वीस वल्हेकरी, दोन-दोनच्या दहा ओळी. नाळेपाशी, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, आमच्याकडे तोंड करून बसलेला ढोलवाला आणि मागे लांब सुकाणू धरून उभा सुकाण्या. एकूण बावीस. होडी साडेबारा मीटर लांब आणि रुंदीला जेमतेम सव्वा मीटर. नुसती होडीच अडीचशे किलोच्या आसपास, त्यात आम्ही सगळे बसलो की पावणेदोन टनांचा ऐवज होतो. शर्यतीपुरतं ड्रॅगनचं डोकं पुढे आणि शेपूट मागे बसवतात.

पहिल्या सरावाला मला वाटलं, ढोल वाजतोय, मला ताल येतो, मला काय अवघड आहे! तीन रविवार मी ढोलाच्या ठोक्यावर वल्हं मारत होते आणि तीन रविवार दर वेळी माझं वल्हं उशिरा पडत होतं. आमचे प्रशिक्षक साठीचे आहेत, मच्छीमारांच्या घरातले. त्यांनी चौथ्या रविवारी मला बाजूला घेऊन सांगितलं, ढोल ऐकायचा नाही. ढोलवाला पहिल्या ओळीतल्या दोघांची वल्ही बघून ठोका देतो. ताल ठरवतात ते पहिल्या ओळीतले दोघं. आपण ठोका ऐकून हात हलवला तर उशीर झालेलाच असतो. म्हणून कान बाजूला ठेवायचे आणि बघायचं. समोरच्या पाठीच्या पलीकडे, तिरकं, दुसऱ्या बाजूच्या पहिल्या वल्हेकऱ्याचा वरचा हात दिसतो. तो हात खाली जाताना माझा हात खाली गेला पाहिजे, गेल्यावर नव्हे.

नऊ वर्षं ज्या कानांवर विश्वास ठेवला ते बंद करून डोळ्यांवर विसंबायचं, हे मला फार जड गेलं. हातांची ताकद वाढायला तीन आठवडे लागले, ही सवय मोडायला शर्यतीच्या दिवसापर्यंत वेळ लागला.

ताकदीबद्दलही माझा समज चुकीचा होता. ही हातांची कसरत नाहीच मुळी. कमरेतून वळून पुढे झेपायचं, बाहेरचा खांदा नाळेकडे न्यायचा, वल्ह्याचं पातं पूर्ण बुडवायचं आणि मग पायानं होडी रेटत अंग मागे आणायचं. पातं पाण्यात शिरतं त्या क्षणाला सगळे ‘कॅच’ म्हणतात. पाणी पकडायचं, ओढायचं नाही. वल्हं जागेवर रोवलेलं आहे आणि आपण होडी त्याच्यापाशी आणतो आहोत, असं मनात धरायचं. मांडीच्या मागे वल्हं न्यायचं नाही, तिथून मागे ते पाणी वर उचलतं आणि होडी खाली बसते. वीस पाती एका क्षणी शिरली की होडी पाण्यातून किंचित उचलली जाते. हे अंगाला कळतं, बुडाखालच्या फळीला कळतं. खालून येणारा आवाजच बदलतो. चौदा जणांनी वेळेवर आणि सहा जणांनी जीव तोडून पण उशिरा मारलं, तर होडी पुढे जायच्याऐवजी डुलते. जास्त जोर लावणारा माणूस वेळ चुकला तर होडीला ब्रेकच लावतो. हे मी सांगते आहे कारण तो माणूस मीच होते.

शर्यतीचा दिवस. आम्ही सकाळी साडेसहाला किनाऱ्यावर. वाळूवर तंबूला तंबू लागलेला, खाडीत संघांनी भाड्यानं घेतलेल्या मोठ्या लाकडी नौका नांगरलेल्या, त्यांच्यावर माणसंच माणसं. गुडघाभर पाण्यातून चालत जाऊन होडीत बसायचं. मी सातव्या ओळीत, डावीकडे.

पहिली फेरी. सुरुवातीचे पाच स्ट्रोक लांब आणि खोल, थांबलेली होडी हलवायला. मग वीस छोटे, झपाझप. मग ठरलेली लय. हे सगळं जमलं. आणि मग शेजारच्या रांगेतली होडी आमच्या बरोबरीला आली. त्यांचा ढोल इतका जवळ वाजला की मी मान वळवून बघितलं. फक्त एकदा. तेवढ्यात माझं वल्हं अर्ध्या क्षणानं मागे राहिलं, मागच्या आठव्या ओळीतल्या बाईंचं वल्हं त्यावर खाडकन आदळलं, त्यांचा हात सुटला, त्यांच्या मागचीचा ताल गेला. आमची अख्खी डावी बाजू शेवटच्या तीन ओळींत कोसळली. होडी उजवीकडून ओढली जायला लागली, सुकाण्याला ती सरळ करायला सुकाणू दाबावं लागलं. आम्ही शेवटचे आलो.

मला कुणी एक शब्द बोललं नाही. प्रशिक्षक एवढंच म्हणाले, ‘डोळे आत.’ मी तंबूच्या मागे जाऊन रडले. वीस माणसं चार महिने पहाटे उठतात आणि तुमच्या एका नजरेनं त्यांची शर्यत जाते.

आठव्या ओळीतल्या बाई पन्नाशीच्या पुढच्या आहेत, त्यांच्या करंगळीला सूज आली होती. त्या माझ्याजवळ येऊन बसल्या आणि पिशवीतून घरी केलेला जुंग काढला. बांबूच्या पानात बांधलेला चिकट भाताचा, त्रिकोणी. सणाचा पदार्थ आहे हा. मी मांस खात नाही हे लक्षात ठेवून त्यांनी माझ्यासाठी साधा, साखरेत बुडवून खायचा आणला होता. दोरा दातांनी तोडून त्यांनी पान उलगडलं. पिवळसर पारदर्शक भातावर पानाच्या शिरा उमटलेल्या होत्या, हळदीच्या पानातल्या पातोळ्यांवर उमटतात तशाच. मला एकदम आजीच्या घरचं नागपंचमीचं स्वयंपाकघर आठवलं. खाताना दोघी काहीच बोललो नाही.

दुसरी फेरी दुपारी. या फेरीचं मला तुम्हाला काही वर्णन करून सांगता येणार नाही, कारण मी त्या वरच्या हाताशिवाय काहीही पाहिलं नाही. आम्ही कितवे आहोत, शेजारी कोण आहे, किनाऱ्यावर काय चाललंय, काही नाही. हात खाली जातो, मी जाते. सव्वा मिनिट झालं असेल. मध्येच कधीतरी बुडाखालचा आवाज बदलला आणि शेवटपर्यंत तसाच राहिला. ‘वल्ही थांबवा’ ऐकू आलं तेव्हा कळलं की संपलं. अर्ध्या होडीच्या फरकानं दुसरे आलो होतो. नवऱ्यानं किनाऱ्यावरून केलेलं चित्रण रात्री बघितलं. वीस हात एकदम खाली जाताना बघून माझा मलाच विश्वास बसेना.

इथे अजून कुणी वल्हवतं का? कुठे, कधीपासून? जरूर लिहा.

---

कृष्णाकाठ

समुद्रफेस, वाचताना श्वास रोखून धरला होता. मी सांगलीचा. आमच्याकडे कृष्णेत पावसाळ्यात होड्यांच्या शर्यती होतात, नदीकाठच्या गावांचे संघ उतरतात. लहानपणी आयर्विन पुलावर वडिलांच्या खांद्यावर बसून बघितल्यात. पुलावर पाऊल ठेवायला जागा नसायची. वडील म्हणायचे, होडी कुणाची पुढे आहे ते बघू नकोस, वल्ही कुणाची एकत्र पडतात ते बघ, जिंकणारा तिथे दिसतो. तुमचा लेख वाचून ते आज चाळीस वर्षांनी नीट कळलं.

एक विचारायचं होतं. नदीत प्रवाह एका दिशेचा असतो. समुद्रात लाटा येतात, मग होडीत पाणी शिरत नाही का?

---

समुद्रफेस

शिरतं की! होडीचा काठ पाण्यापासून फार वर नसतो. आजूबाजूच्या मोटारबोटींच्या लाटाही आत येतात. पाणी उपसायला आत डबे ठेवलेले असतात आणि सुरुवातीच्या रेषेवर थांबलेलो असताना मधल्या ओळीतले लोक भराभर उपसतात. पायाशी घोट्याएवढं पाणी राहिलं तरी होडी किती जड होते ते पहिल्याच स्ट्रोकला कळतं. तुमच्या वडिलांचं वाक्य मी आमच्या प्रशिक्षकांना सांगणार आहे.

---

दर्यावर्दी_वसई

आम्ही कोळी. तुमच्या प्रशिक्षकांच्या घरचं मच्छीमारीचं वाचलं म्हणून लिहितो. मी जहाजावर होतो, हाँगकाँगला बऱ्याचदा उतरलोय. एकदा सणाच्या दिवशी लांताऊ बेटावरच्या ताय ओ गावात होतो. खांबांवरच्या घरांचं मच्छीमारांचं गाव आहे. तिथे सणाला स्पर्धेइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे मिरवणूक. मच्छीमारांच्या तीन संघटना आहेत. त्यांचे लोक आदल्या दिवशी सकाळी देवळांतून देवांच्या छोट्या मूर्ती आणतात, सणाला त्या लहान होडीत बसवतात आणि ती देवाची होडी ड्रॅगन बोटीमागे बांधून गावातल्या खाड्यांमधून फिरवतात. पाण्यात गेलेल्या जिवांना शांती मिळावी म्हणून कागद जाळतात, घराघरातून लोक हात जोडतात. शंभराहून जास्त वर्षांची रीत आहे, २०११ मध्ये चीननं ती राष्ट्रीय वारशाच्या यादीत घेतली.

आमच्याकडे नारळी पुनवेला दर्याला नारळ देतो. त्या दिवशी तिथे उभा होतो आणि डोळे भरून आले. भाषा एक शब्द कळत नव्हती, पण पाण्यातून परत न आलेल्यांचं स्मरण कसं करतात ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

स्टॅन्लेला तीन हाऊचं देऊळ पाहिलंत का? समुद्राची देवी, दर्यावरच्या माणसांची आई. १७६७ चं देऊळ आहे. आत भिंतीवर एका वाघाचं कातडं आहे, धुरानं काळं पडलेलं. १९४२ साली जपानी अमलात स्टॅन्लेत वाघ आला होता, तो रूर सिंग नावाच्या भारतीय पोलिसानं मारला. कुठल्या कुठे आपली माणसं!

---

समुद्रफेस

दादा, किती छान लिहिलंत. देवळावरून दर रविवारी गेले आणि एकदाही आत गेले नाही, याचं आता वाईट वाटतंय. या रविवारी नक्की. ताय ओला पुढच्या वर्षी सणाच्या सकाळी.

नव्या होडीला उतरवण्याआधी ड्रॅगनचे डोळे रंगवायचा विधी असतो, तो मी पाहिला. लाल रंगात कुंचला बुडवून बुबुळावर ठिपका देतात, म्हणजे तो जागा होतो. शेंदरासारखाच रंग.

---

चाफेकळी

सण कशाचा आहे मूळचा? शर्यत का?

---

पोथीवाला

चाफेकळी, प्रचलित कथा चू युआन या कवीची. चू राज्याचा मंत्री होता. दरबारी कारस्थानांमुळे हद्दपार झाला. परंपरेप्रमाणे इ.स.पू. २७८ मध्ये राजधानी शत्रूच्या हाती पडल्याचं कळल्यावर त्यानं मिलुओ नदीत उडी घेतली. लोक होड्या घेऊन शोधायला धावले, माशांनी त्याच्या देहाला तोंड लावू नये म्हणून ढोल वाजवले आणि भात पाण्यात टाकला. शर्यत आणि भाताचे मुटके तिथून आले, असं सांगतात. सूचौच्या बाजूला मात्र हाच सण वू झीशू या दुसऱ्याच निष्ठावंत मंत्र्याच्या नावानं करतात. माझं मत असं की पावसाळ्याच्या तोंडावर पाण्याच्या देवतेला प्रसन्न करायची चाल आधीची असावी आणि कवीची कथा नंतर तिला येऊन मिळाली. ड्रॅगन हा तिकडे पावसाचा आणि पाण्याचा देव आहे, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

आधुनिक खेळाची सुरुवात मात्र नक्की सांगता येते. १९७६ मध्ये हाँगकाँगच्या पर्यटन मंडळानं शाउ केइ वान इथे पहिली आंतरराष्ट्रीय शर्यत भरवली. स्थानिक मच्छीमारांच्या संघांसमोर जपानमधून नागासाकीचा संघ आला होता. नागासाकीच का? कारण तिथे चिनी व्यापाऱ्यांनी नेलेली ‘पेरोन’ नावाची होड्यांची शर्यत सतराव्या शतकापासून चालत आलेली आहे. म्हणजे चीनमधून गेलेली वल्ही तीनशे वर्षांनी पाहुणी म्हणून परत आली. आंतरराष्ट्रीय महासंघ १९९१ मध्ये हाँगकाँगमध्येच स्थापन झाला आणि २०१० च्या ग्वांगझू आशियाई खेळांत हा प्रकार आला.

---

समुद्रफेस

पोथीवाला, नागासाकीचं माहीत नव्हतं. इथे त्या दिवशी समुद्रात अंघोळ करणं शुभ मानतात, त्याला ‘ड्रॅगन बोटीच्या पाण्यात पोहणं’ म्हणतात. याच सुमाराला इथे जोरदार पाऊस लागतो, त्यालाही ‘ड्रॅगन बोटीचं पाणी’ हेच नाव. तुमच्या मताला हा एक आधार मिळाला म्हणायचा. शर्यती संपल्यावर आम्ही सगळे अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरलो.

---

मल्लू_मराठी

मी नवी मुंबईत वाढलेली मल्याळी. हे वाचून केरळमधल्या आलप्पुळची आठवण आली. पुन्नमडा तलावातली नेहरू करंडक शर्यत १९५२ मध्ये नेहरूंच्या भेटीनंतर सुरू झाली. आमचं चुंडन वळ्ळम, म्हणजे शर्यतीची होडी, शंभर फुटांहून लांब, शंभरच्या आसपास माणसं आणि वंचिपाट्टूच्या, म्हणजे होडीगीतांच्या, तालावर वल्ही. तुम्ही ढोल ऐकायचा नाही असं लिहिलंय ते वाचून मला आश्चर्य वाटलं. आमच्याकडे गाणं सगळे म्हणतात, म्हणजे ताल बाहेरून येत नाही, तो प्रत्येकाच्या छातीतूनच निघतो. कदाचित म्हणूनच तिथे कानानं चालतं.

---

समुद्रफेस

हे फार महत्त्वाचं सांगितलंत. ढोल पथकातही असंच होतं, मी वाजवत असायचे म्हणून ताल माझ्यात असायचा. इथे वाजवणारा दुसरा होता आणि मी नुसती ऐकत होते. आता कळलं कान का कमी पडले. यावर मी दोन दिवस विचार करणार आहे.

---

शेवंती

हा धागा तीनदा वाचला. मी कॅनडात, वॅनकुव्हरजवळ राहते. दीड वर्षापूर्वी माझं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. उजव्या काखेतल्या लसीका गाठी काढल्या. तेव्हापासून त्या हातानं जड उचलू नको, हात जप, हेच सगळे सांगतात आणि मीही जपते. इथे फॉल्स क्रीकच्या पाण्यात उन्हाळ्यात गुलाबी शर्ट घातलेल्या बायका अशाच होड्या वल्हवताना दिसतात. त्या माझ्यासारख्याच आहेत असं कुणीतरी म्हणालं. खरं आहे का हे? इतका जोर त्या हातावर चालतो?

---

हाडवैद्य_पुणे

शेवंतीताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. अगदी खरं आहे आणि त्याची सुरुवात तुमच्याच गावात झाली.

पूर्वी असा समज होता की काखेतल्या गाठी काढल्यावर हातानं पुन्हा पुन्हा जोराची हालचाल केली तर लिंफेडिमा होतो, म्हणजे हाताला न उतरणारी सूज येते. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले डॉ. डॉन मॅकेंझी यांना ते पटत नव्हतं. १९९६ मध्ये त्यांनी ही शस्त्रक्रिया झालेल्या २४ बायकांना घेऊन ड्रॅगन बोटीचा संघ बांधला, ‘अब्रेस्ट इन अ बोट’. मुद्दाम हाच खेळ निवडला, कारण यात वरच्या अंगाची जोरदार आणि सतत हालचाल असते. आधी व्यायामानं तयारी करून घेतली, जोर हळूहळू वाढवला, हातांवर लक्ष ठेवलं. एकीलाही नव्यानं सूज आली नाही आणि जिला आधीपासून होती तिची वाढली नाही. त्यातून जगभर असे संघ उभे राहिले आणि त्यांचा आंतरराष्ट्रीय आयोगही आहे. त्यांच्या संमेलनात शर्यतीनंतर होड्या एकमेकींना लावून उभ्या करतात आणि गेलेल्या मैत्रिणींसाठी गुलाबी फुलं पाण्यात सोडतात.

मात्र तुमचं ऑपरेशन, रेडिएशन, खांद्याची आत्ताची हालचाल हे मला इथून कळत नाही. तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय होडीत बसू नका. हात खांद्याच्या वर पूर्ण जातो का, आत्ता सूज आहे का, हे ते बघतील. गुलाबी शर्टवाल्यांना एकदा जाऊन भेटा मात्र नक्की. त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही.

---

समुद्रफेस

शेवंतीताई, वॅनकुव्हरला या होड्याच मुळी हाँगकाँगहून आल्या, १९८६ च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी, सागवानाच्या. म्हणजे तुमची होडी आणि माझी होडी सख्ख्या बहिणी. भेटून या आणि इथे लिहा. मी वाट बघते.

---

नवखा_ठाणे

मी जुलैपासून दोन वर्षांसाठी हाँगकाँगला येतोय. मलाही उतरायचंय. तयारी काय करू? जिम लावू का?

---

समुद्रफेस

जिमपेक्षा पाठ आणि पोट. रोज दोन मिनिटं प्लँक, दोरीनं किंवा रबरी पट्ट्यानं मागे ओढायचे व्यायाम आणि कमरेतून वळायची सवय. पोहणं पक्कं करा. लाइफ जॅकेट असलं तरी होडी उलटली तर सगळ्यांनी तिच्याजवळ राहायचं असतं आणि शेजाऱ्याचं डोकं पाण्यावर दिसतंय का हे आधी बघायचं असतं, त्यामुळे पाण्याची भीती नको.

वजन खरं सांगा. लाजू नका. जोड्या वजनावर लावतात, डावी-उजवी बाजू सारखी लागते आणि दणकट माणसं मधल्या ओळींत, कारण होडी तिथे रुंद असते. पुढे लय सांभाळणारे बसतात. त्यांच्याकडे ताकदीपेक्षा शिस्त बघतात.

बसायला रबरी गादीचा तुकडा न्या, नाहीतर फळीनं कातडी जाते. ओल्या खाऱ्या कपड्यात तीन तास बसावं लागतं. जूनमधल्या उन्हात डोकं दुखायला लागलं तर लगेच सांगा. आमच्या संघातल्या एका मुलीनं सांगितलं नाही, तिला सावलीत झोपवून बर्फ लावावा लागला. आणि सराव सहसा मार्चपासून सुरू होतात, तेव्हा जानेवारीतच एखादा संघ शोधा.

---

शेवंती

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. डॉक्टरांनी हात तपासून होकार दिला. त्या बायकांना भेटले. त्यांच्यातल्या एकीचं ऑपरेशन एकवीस वर्षांपूर्वी झालंय, ती सुकाणू धरते. काल माझा पहिला सराव झाला. चौथ्या ओळीत डावीकडे बसवलं, म्हणजे उजवा हात वर, मुठीवर. वीस स्ट्रोक मारायचे आणि थांबायचं, असं बारा वेळा. प्रत्येक वेळी थांबल्यावर शेजारची माझ्या हाताकडे बघून ‘ठीक?’ असं विचारायची.

समुद्रफेस, तुम्ही लिहिलेला आवाज मला अजून ऐकू आलेला नाही. पण दहाव्या वेळी तिरकं बघायचं लक्षात आलं आणि माझं वल्हं पहिल्यांदा समोरचीच्या बरोबर पडलं.

हात आज बरा आहे, सूज नाही. डाव्या अंगठ्याच्या बेचक्यात मात्र फोड आलाय. चिकटपट्टी वल्हवण्याआधी लावायची की फोड आल्यावर?

---

समुद्रफेस

आधी. कोरड्या हाताला, दोन वेढे, घट्ट नको. आत्ताचा फोड फोडू नका.

---

हाडवैद्य_पुणे

शेवंतीताई, दोन्ही हातांचा घेर आजच टेपनं मोजून वहीत लिहून ठेवा, मनगट आणि कोपराच्या वर. दर आठवड्याला त्याच जागी, त्याच वेळी. फरक दिसला तर लगेच डॉक्टरांना कळवा. तसंच ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हातावर फोड किंवा कापलेलं असेल तर त्यादिवशी वल्हवू नका, आधी ते भरू द्या.

---

शेवंती

मोजलं. उजवा मनगटाला पंधरा पूर्णांक दोन सेंटिमीटर, डावा पंधरा. लिहून ठेवलं. पुढचा सराव शनिवारी सकाळी आठला.